आत्ता तर चालू आहे!

पूर्ण बंद पडलेली मोटार ही अत्यंत प्रामाणिक वस्तू आहे. ती रस्त्याच्या कडेला उभी राहते, बॉनेटचा आ वासते आणि 'मी बिघडले आहे' असं चारचौघांत कबूल करते. येणारेजाणारे थांबतात, 'कार्बोरेटर बघा' म्हणतात (गाडीत कार्बोरेटर नसला तरी म्हणतात), दोन पोरं धक्का मारतात, आणि एकंदरीत समाज तुमच्या पाठीशी उभा राहतो. पण जी मोटार कधी कधीच बिघडते, तिच्या मालकाची गोष्ट वेगळी. घरचे त्याला वेंधळा समजतात, शेजारी कंजूष समजतात आणि मेकॅनिक रिकामटेकडा समजतो. कारण दोष दाखवा म्हटलं की मोटार शाळा तपासायला आलेल्या साहेबांसमोरच्या हुशार मुलीसारखी घडाघडा चालून दाखवते.

माझी मोटार याच जातीची. दुसऱ्याकडून घेतलेली, घेतली तेव्हाच नऊ वर्षांची. तिच्या कंपनीचं नाव सांगत नाही. दोष माहेरचा नव्हता, आणि इतक्या वर्षांनी माहेर काढणं बरंही दिसत नाही. २०२३ च्या जूनमध्ये तिला झटके येऊ लागले. इंजिन ठणठणीत, ब्रेक ठणठणीत; पण चालता चालता डॅशबोर्डवरचे सगळे दिवे एकदम मालवायचे, आतला पंखा दम टाकायचा, वेगाचा काटा शून्यावर जाऊन झोपायचा. दहापंधरा सेकंदांनी पुन्हा सगळं जागच्या जागी. डावा इंडिकेटर लावला की पेट्रोलचा काटा त्याच्या तालावर उड्या मारायचा. २०२१ साली आपल्याकडे पेट्रोल शंभरीपार गेलं होतं. नुसतं डावीकडे वळल्यानं टाकीतलं पेट्रोल वाढतंय हे दृश्य मला सुखाचं वाटायचं, हे मी नाकारत नाही.

पण जुलैत साताऱ्याला जाताना खंबाटकीच्या घाटात, मुसळधार पावसात, दोन्ही वायपर काचेच्या मध्यावर येऊन उभे राहिले. समोर काच नव्हतीच, नुसता धबधबा होता. मागे ट्रक. शेजारी सौ. तिनं डोळे गच्च मिटून घेतले. मिटले काय नि उघडे ठेवले काय, दिसणार तेवढंच होतं. मी खिडकीतून मुंडकं बाहेर काढून गाडी कशीबशी कडेला घेतली. हँडब्रेक ओढला, आणि वायपर आपले आपण सुरू झाले. जणू चहाला गेले होते.

पुण्याला आल्यावर गाडी एका मोठ्या सर्व्हिस सेंटरला नेली. तिथल्या टाय लावलेल्या तरुणानं अदबीनं विचारलं, "सर, प्रॉब्लेम दाखवा."

"आत्ता होत नाहीये."

"मग सर, होईल तेव्हा घेऊन या."

"होईल तेव्हा मी घाटात असतो!"

त्यानं गाडी दोन दिवस ठेवून घेतली आणि कागद दिला : 'तपासणीत कोणताही दोष आढळला नाही.' तपासणीचे एक हजार, वर अठरा टक्के जीएसटी. न सापडलेल्या दोषापायी सरकारच्या तिजोरीतही एकशे ऐंशी रुपयांची भर पडली.

मग आमच्या कोपऱ्यावरचा गॅरेजवाला. याचं तत्त्वज्ञान उलटं. दोष दिसत नाही? काही हरकत नाही, आपण भाग बदलू. त्यानं एक रिले बदलला. सहा दिवस गाडी सरळ चालली. "बघा, रिलेच होता!" सातव्या दिवशी दिवे गेले. मग स्विच बदलला. नऊ दिवस सरळ. "स्विच हो स्विच!" कावळा बसायला आणि फांदी मोडायला गाठ पडते हे आपण लहानपणापासून ऐकतो, पण त्या कावळ्याचं बिल आपल्या नावावर फाडलेलं मी पहिल्यांदाच पाहिलं.

आमच्या इमारतीत एक निवृत्त संस्कृत शिक्षक राहतात. सगळे त्यांना सर म्हणतात. संध्याकाळी जिन्यात गाठ पडली तेव्हा मी तो 'दोष आढळला नाही'चा कागद त्यांना दाखवला. कागद वाचून सरांना जो आनंद झाला, तो मला पगारवाढीच्या कागदानंही कधी झालेला नाही.

"अहो, हा तर अभावाचा प्रश्न!" ते म्हणाले. "मला सांगा, या जिन्यात हत्ती नाही हे तुम्हाला कशावरून कळलं?"

"दिसत नाही म्हणून."

"बरोबर. असता तर दिसला असता. दिसत नाही, तेव्हा नाही. आणि या जिन्यात मुंगी नाही हे?"

जिन्यातला दिवा तीन आठवड्यांपासून गेलेला होता. मी गप्प बसलो.

मग सरांनी पायरीवर बसूनच पाठ घेतला. आपल्या जुन्या पंडितांनी या 'दिसत नाही'वर शतकानुशतकं वाद घातलेला आहे. न दिसणं, म्हणजे अनुपलब्धी, हे ज्ञानाचं स्वतंत्र साधनच आहे असं भाट्ट मीमांसक आणि अद्वैत वेदान्ती मानतात. नैयायिक स्वतंत्र मानत नाहीत. पण एक अट दोघांनाही कबूल. जी वस्तू असती तर दिसलीच असती, अशी परिस्थिती असेल तरच 'दिसत नाही, म्हणून नाही' असं म्हणायचा तुम्हाला अधिकार. जमिनीवर घडा नाही असं म्हणायचंय? म्हणा. पण आधी दिवा लावा. अंधारात चाचपून 'घडा आढळला नाही' असा दाखला देता येत नाही.

"आणि तुमच्या त्या गॅरेजवाल्यांनी," सर उठता उठता म्हणाले, "तुम्हाला चुकीचा अभाव विकलाय." तर्कसंग्रह नावाची, न्यायशास्त्राच्या विद्यार्थ्यांना सुरुवातीलाच देतात ती पोथी आहे, तीत अभावाचे चार प्रकार सांगितले आहेत. त्यांतले दोन मोटारवाल्यांनी पाठच करून ठेवावेत. वस्तू निर्माण होण्याआधी नसते तो प्रागभाव : याला सुरुवात नाही, पण शेवट आहे. वस्तू नष्ट झाल्यावर नसते तो प्रध्वंसाभाव : याला सुरुवात आहे, शेवट नाही. आपण दुरुस्तीचे पैसे मोजतो ते प्रध्वंसाभावाचे. दोष मेला, आता कायमचा गेला, अशा समजुतीनं. हातात पडतो तो पुढच्या झटक्याचा प्रागभाव. तो सोमवारपर्यंत टिकतो.

मी कॉमर्सचा माणूस. मला हे सगळं अपरिचित वाटायला हवं होतं. पण रात्री पडल्या पडल्या लक्षात आलं की हे आपण अकरावीतच शिकलोय. पुस्तपालनात तेरीज म्हणून एक पत्रक असतं. नावेची बेरीज आणि जमेची बेरीज जुळली की तेरीज जुळली. आणि त्याच पानावर लगेच बजावलेलं असतं की तेरीज जुळली म्हणजे हिशेब बरोबर आहे असं समजू नका. एखादा व्यवहार मुळात लिहिलाच नसेल, एकाची रक्कम दुसऱ्याच्या खात्यात पडली असेल, किंवा दोन चुकांनी एकमेकींची पापं झाकली असतील, तर तेरजेला पत्ता लागत नाही. तिला जे दिसू शकतं तेवढंच तिनं पाहिलेलं असतं. तरी बँकेत काउंटरच्या अलीकडून दिवसातून दहा वेळा ऐकू येणारं वाक्य कुठलं? "आजोबा, सिस्टिममध्ये तर बरोबर दिसतंय." आजोबा खिशातून चुरगळलेली चिठ्ठी काढतात, पुन्हा बघतात, आणि आपलीच नजर अधू झाली असेल अशा शंकेनं घरी जातात.

मला हा प्रश्न मोटारीपेक्षा मोठा वाटतो तो इथे. तक्रार करणाऱ्यानंच ती सिद्ध करायची. तीही आपल्यासमोर, आपल्याला सवड असेल त्या वेळी. नाहीतर ती नव्हतीच. माझ्या आत्याच्या छातीत कधी कधी फडफडायचं. 'पिंजऱ्यात चिमणी सुटल्यासारखं होतं रे' म्हणायची. दवाखान्यात नेईपर्यंत चिमणी शांत. कार्डिओग्राम सरळ. तीन वेळा काढला, तिन्ही वेळा सरळ. घरात हळूहळू ठरलं की वन्संना सवय आहे. लक्ष वेधून घ्यायचं असलं की चिमणी उडते. आत्यानं सांगणं सोडून दिलं. मग एका तरुण डॉक्टरीणबाईंनी तिच्या अंगावर एक छोटं यंत्र बांधून तिला घरी पाठवलं. नॉर्मन होल्टर नावाच्या अमेरिकन संशोधकाच्या नावानं ते ओळखलं जातं. चोवीस तास ते हृदयाची नोंद घेत राहतं. आत्यानं त्या चोवीस तासांत भांडी घासली, जिना चढली, वहिनीशी भांडली. यंत्रात चिमणी दोनदा सापडली. त्या बाईंनी फार मोठं निदान केलं असं नाही. चिमणी दवाखान्यात येत नाही, तर आपण तिच्या घरी जाऊन बसावं, इतकंच त्यांना सुचलं. आत्या त्या दिवशी रडली ती आजाराच्या भीतीनं नव्हे. सगळ्यांसमोर खरी ठरली म्हणून.

मोटारीच्या बाबतीत अशी डॉक्टरीणबाई मला नाना पेठेत भेटली. म्हणजे मिस्त्री भेटला. साठीचा, कानावर पेन्सिल, दुकान इतकं लहान की गाडीचं फक्त तोंड आत मावे. मी सवयीनं म्हणालो, "आत्ता होत नाहीये, पण–"

"दाखवू नका साहेब. सांगा."

आयुष्यात प्रथमच कुणीतरी सांगा म्हणत होतं! मी अर्धा तास सांगितलं. त्यानं मध्ये फक्त प्रश्न विचारले. पाऊस होता का? गाडी तापली होती का? खड्डा लागला होता का? दिवे लावले होते का? निम्म्यांना मला नीट उत्तर देता येईना. "लिहून आणा," तो म्हणाला.

बँकेतल्या माणसाला 'लिहून आणा' म्हणणं म्हणजे माशाला पोहून दाखव म्हणणं. मी दोनशे पानी रजिस्टर घेतलं, रकाने आखले : तारीख, वेळ, हवामान, रस्ता, काय चालू होतं, काय बंद पडलं, किती सेकंद, शेरा. सौ. म्हणाली, "माझ्या डोकेदुखीची एवढी नोंद ठेवली असतीत तर!" बहात्तर दिवसांत नऊ नोंदी झाल्या. आठ पावसानंतरच्या. नववी कोरड्या दिवशीची. चौकशीअंती कळलं की त्या सकाळी वॉचमननं गाडी पाइपनं धुतली होती.

मिस्त्रीनं रजिस्टर चष्मा लावून पहिल्यापासून वाचलं. मग म्हणाला, "दिवे, पंखा, वायपर. तिघं एकदम आजारी पडत नसतात साहेब. तिघांचं पाणी एका विहिरीतलं असतंय."

मोटारीत अशा विहिरी दोन. पहिली फ्यूजची. पण या तिघांचे फ्यूज वेगवेगळे होते, आणि त्यांतला एकही उडत नव्हता. (उडत असता तर त्याच्या जागी एक बल्ब जोडतात. कुठे वायर अंगाला चिकटली की फ्यूज मरतो; बल्ब मरत नाही, लख्ख पेटून राहतो. मग वायरी एकेक करून हलवत जायचं. ज्या जागी हलवल्यावर बल्ब विझेल, ती चोराची जागा. हे त्यानं मला फुकट सांगितलं.) दुसरी विहीर अर्थिंगची. आता हे कॉमर्सवाल्यांनी नीट ऐकावं. मोटारीत बॅटरीचं धन टोक वायरीवायरींतून एकेका दिव्याकडे जातं; पण परतीला वेगळी वायर बॅटरीपर्यंत नसते. परतीचा रस्ता म्हणजे गाडीचा पत्रा. गाडीचं सगळं अंगच ऋण! दिवा, पंखा, वायपर सगळे धन घेतात आणि काळी वायर एका बोल्टाला बांधून त्या ऋणाच्या अंगात परत सोडतात. तो बोल्ट सैल झाला की धन जातं, पण परतफेड होत नाही. आमच्याकडे नव्वद दिवस हप्ता थकला की खातं अनुत्पादक धरतात; इथे नव्वद सेकंदही लागत नाहीत. आणि परतीचा रस्ता बंद झालेली वीज दुसऱ्याच्या घरातून वाट काढते. डाव्या इंडिकेटरची वीज पेट्रोलच्या काट्यातून घरी जात होती, म्हणून तो नाचत होता. माझं पेट्रोल वाढत नव्हतं, हे तेव्हा निश्चित झालं.

त्यानं उजव्या पायाशी असलेलं प्लॅस्टिकचं आवरण काढलं. आत बोल्ट होता, त्याला चार काळ्या वायरी. वरून पाहिलं तर सगळं व्यवस्थित. मीटर लावून रोध मोजला. जवळजवळ शून्य, म्हणजे अगदी निर्दोष. सर्व्हिस सेंटरनं हेच करून कागद दिला असता. मिस्त्री हसला. "रिकाम्या वायरीला काय विचारायचं? तिच्या एका तारेनंही शून्य येतंय. कामाला लावून विचारा." त्यानं दिवे लावले, पंखा पूर्ण सोडला, वायपर चालू केले, काचेच्या रबरावर मगानं पाणी ओतलं, आणि पोराला गाडी हलवायला सांगून मीटरची टोकं बॅटरीच्या ऋण टोकाला आणि त्या बोल्टावरच्या वायरींना लावली. तिथे साधारण शून्य पूर्णांक एक-दोन व्होल्ट दिसायला हवेत. काटा चारावर गेला, पाचावर गेला, आणि पंखा मान टाकून थांबला. काचेच्या रबरातून पाण्याचा एक बारीक ओघळ बरोबर त्या बोल्टावर येऊन थेंब थेंब गळत होता. बोल्टाखाली गंजाचा तांबडा चिखल.

खरवडून पत्रा चकचकीत केला, नवे थिंबल बसवले, वर व्हॅसलीन चोपडलं, रबर बदललं. रबर वेगळं धरून मजुरी साडेतीनशे. त्यानं मला कागद दिला नाही. "गेला का दोष?" म्हणून विचारलं तर म्हणाला, "माझ्याकडून गेला. पाऊस काय म्हणतो बघा."

आता यातलं गणित बघा. बी.कॉम.ला संख्याशास्त्राचा पेपर मी सुटलो या भावनेनं दिला होता, तो इथे उपयोगी पडला. एखादी गोष्ट सरासरी आठ दिवसांतून एकदा, कसल्याही नियमाशिवाय घडत असेल, तर ती सलग चोवीस दिवस घडली नाही हा निव्वळ योगायोग असण्याची शक्यता शंभरात पाच. तेव्हा सरासरीच्या तिप्पट वाट पाहावी, मग बऱ्याच खात्रीनं 'गेला' म्हणावं. माझी दुरुस्ती झाली ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात. चोवीस दिवस गेले, पन्नास गेले, सत्तर गेले. एकही नोंद नाही. आणि पाऊसही नाही! सरांचा घडा अंधारातच होता. हे सत्तर दिवस मोजायचे की नाहीत?

प्रश्न तात्त्विक राहिला असता. पण डिसेंबरात मी गाडी विकायला काढली आणि शाखेत नव्यानं लागलेला एक मुलगा ती बघायला आला. फेब्रुवारीत बायकोचं बाळंतपण, सासुरवाडी महाबळेश्वरच्या पलीकडे. म्हणजे घाट आणि पाऊस, दोन्ही. त्यानं दारं उघडझाप केली, हॉर्न वाजवला, वायपर फिरवले. सगळं चोख. मग विचारलं, "सर, काही प्रॉब्लेम?"

सौ. आतून चहा घेऊन येत होती. तिनं माझ्याकडे असं पाहिलं की जणू मीच घाटातला ट्रक. आदल्या रात्री आमचं यावर बोलणं झालं होतं. तिचं म्हणणं, "दुरुस्त केलंय ना? होत नाहीये ना? मग नाही म्हणायचं. यात खोटं काय?" यात खोटं काही नव्हतंच. अडचण तीच होती. त्या सर्व्हिस सेंटरच्या कागदावरही खोटं काही नव्हतं.

मी त्या मुलाला म्हटलं, "डिसेंबरात काही नाही," आणि रजिस्टर त्याच्या हातात दिलं. त्यानं नऊच्या नऊ नोंदी वाचल्या, बोल्ट बघितला, मी पाइप लावून काचेवर पाणी मारून दाखवलं, ते पाहिलं. मिस्त्रीचा पत्ता लिहून घेतला. आणि किंमत बारा हजारांनी पाडून मागितली. त्याच्या जागी मीही मागितली असती. बँकेतला मुलगा आहे, शेवटी. दिली. सौ. दोन दिवस माझ्याशी 'बारा हजार' या विषयाशिवाय बोलली नाही. ते बारा हजार तिनं मनातल्या मनात उचंत खात्यात टाकून ठेवलेत; अधूनमधून त्यावर व्याज लावते. मुलगा जाताना म्हणाला, "सर, रजिस्टर पण गाडीबरोबरच का?" म्हटलं, "ते फुकट."

पुढल्या जूनमध्ये पहिला मोठा पाऊस झाला त्या संध्याकाळी त्याचा फोन आला. स्क्रीनवर नाव पाहूनच माझ्या पोटात खड्डा पडला. पलीकडे पावसाचा आवाज, आणि तान्ह्या मुलाचा.

"सर, वाईचा पसरणी घाट चढून आलो. धो धो पाऊस. डॅशबोर्ड ओके, पंखा ओके, वायपर एकदम मस्त चालले!"

"अरे वा!"

"पण सर... आता पाऊस थांबलाय आणि ते बंदच होत नाहीयेत."

"नेहमी होतं का असं?"

"नाही सर," तो म्हणाला, "कधी कधी."